टेप जिथं संपायची, त्याच्या पुढचं

कोलोसियम ह्या इंग्लिश बँडच्या १९९४ मधल्या एका कार्यक्रमाच्या टेपवर डिक हेक्स्टॉल-स्मिथ नावाचा साठीचा, टक्कल पडलेला इंग्रज गृहस्थ टेनर आणि सोप्रानो असे दोन सॅक्सोफोन एकदम तोंडात धरतो आणि वाजवतो. एकावर डावा हात, एकावर उजवा. नुसतं सांगितलं तर जत्रेतला खेळ वाटेल, पण ऐकताना हसू येत नाही. दोन वाद्यांतून दोन वेगळे सूर निघतात, एकमेकांना धरून चालतात, मागून हॅमंड ऑर्गन आणखी सूर भरतो आणि एकटा माणूस अख्खा ब्रास सेक्शन होऊन उभा राहतो.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आमच्या ऑर्केस्ट्रातले सॅक्सोफोनवाले काका शेजारी बसले होते. मनोहारी सिंगना देव मानणारा माणूस. आरडीच्या गाण्यांतला मनोहारीदांचा एकेक पीस त्यांना तोंडपाठ होता. १९७८ साली रंगभवनात पहिली जॅझ यात्रा भरली, तेव्हा सनी रोलिन्स ह्या अमेरिकन सॅक्सोफोनवाल्याला ऐकायला ते गेले होते आणि शेवटची लोकल चुकल्यामुळे रात्र व्हीटीच्या बाकावर काढली होती, ही गोष्ट आम्ही सगळ्यांनी पाठ होईपर्यंत ऐकलेली. त्या काकांनी टीव्हीवर ते दोन सॅक्सोफोन बघितले, चष्मा काढून शर्टाला पुसला, परत लावला आणि म्हणाले, "ह्याचे दात कसे टिकले?" त्यानंतर टेप संपेपर्यंत चकार शब्द नाही.

टेप म्हणजे व्हीएचएस कॅसेट. आणि ती संपायची भलत्याच ठिकाणी, ते पुढे सांगतो.

आमचा ऑर्केस्ट्रा म्हणजे फार मोठं प्रकरण नव्हतं. गणपतीत आणि नवरात्रात मंडळांचे मांडव, लग्नसराईत कोळीवाड्यांतल्या हळदी, अधूनमधून एखाद्या सोसायटीची पूजा. मी साइड ऱ्हिदमला होतो. सुरुवातीला तुंबा, म्हणजे हातानं वाजवायचा उंच ढोल, मग ऑक्टोपॅड हा इलेक्ट्रॉनिक ड्रम आला तेव्हा पॅड. दिवसा सहकारी बँकेत नोकरी आणि रात्री कार्यक्रमाची सुपारी. नाइटचे पैसे कमी मिळायचे, जेवण मात्र चांगलं. आमचा बेसवाला, म्हणजे बेस गिटारवाला, ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला. तो बोटीवर इलेक्ट्रिशियन होता, सहा-आठ महिने पाण्यावर आणि मग सुट्टीत घरी. सुट्टीत असला की बेस त्याचा, नसला की की-बोर्डवाला डाव्या हातानं भागवायचा. हाच एकदा हॅम्बुर्गहून ती कॅसेट घेऊन आला. तिथल्या कुठल्याशा ओळखीच्या माणसानं टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली, त्याची ह्यानं कॉपी करून घेतलेली. जर्मनीतही टीव्ही-चित्राची पाल (PAL) पद्धत आणि आपल्याकडेही पालच, त्यामुळे आमच्या घरच्या व्हीसीआरवर चित्र नीट लागलं. अमेरिकेतून आणली असती तर नुसत्या रेघा धावताना बघाव्या लागल्या असत्या.

कॅसेटच्या सुरुवातीला चार-पाच मिनिटं जर्मन बातम्या होत्या. शेवटी हवामान. नकाशावर ढग. आम्ही ते कधी पुढे पळवलं नाही, का कोण जाणे. मग अंधार, टाळ्या, आणि बँड सुरू.

बँड तोच, कोलोसियम. आपल्याकडे ह्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही. पिंक फ्लॉइड, डीप पर्पल म्हटलं की माना डोलतात. कोलोसियम म्हटलं की लोक रोमच्या सहलीचं विचारतात. पण १९६८ साली लंडनात हा बँड उभा राहिला तेव्हा असं काही फार जणांनी करून पाहिलं नव्हतं: अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज गाण्यांचा पाया, त्यावर जॅझच्या माणसांची वाजवण्याची पद्धत, आणि आवाज रॉकचा. ब्लूजवाले म्हणायचे हे जॅझवाले, जॅझवाले म्हणायचे हे गोंगाटवाले. नेता होता ड्रमर. जॉन हाइजमन. ड्रमर बँडचा मालक, ही कल्पनाच मला तेव्हा गुदगुल्या करायची. आमच्याकडे मालक कायम गायक नाहीतर निवेदक. ऱ्हिदमवाल्याला टेम्पोत सामान चढवायला सगळ्यांत आधी हाक.

हाइजमन आणि हेक्स्टॉल-स्मिथ दोघंही ग्रॅहम बाँडच्या बँडमधून आलेले. तिथं हाइजमनच्या आधी ड्रमवर जिंजर बेकर होता, पुढे क्रीम ह्या बँडमुळे गाजलेला, म्हणजे कुणाच्या जागी बसायचं होतं ते बघा. मग दोघं १९६८ मध्ये जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्समध्ये गेले आणि तिथून बाहेर पडून स्वतःचं दुकान थाटलं. हेक्स्टॉल-स्मिथ त्यांच्यातला वडीलधारा, १९३४ चा. केंब्रिजला शेतकी शिकायला गेला आणि तिथं विद्यापीठाचा जॅझ बँड चालवत बसला. पुढे १९६२ मध्ये ॲलेक्सिस कॉर्नरच्या ब्लूज इन्कॉर्पोरेटेडमध्ये. ज्या बँडमध्ये पुढे रोलिंग स्टोन्सचा ड्रमर झालेला चार्ली वॉट्स आणि क्रीमचा बेसवाला जॅक ब्रूस वाजवून गेले, तो हा. ब्रिटनमध्ये ब्लूजचं जे काही झालं त्याच्या मुळाशी गेलात तर कुठल्या तरी फोटोत कोपऱ्यात सॅक्सोफोन घेतलेला हा माणूस दिसतो.

१९६९ साली ह्यांच्या दोन एलपी आल्या. दुसरी, 'व्हॅलेंटाइन स्वीट', व्हर्टिगो ह्या नव्या लेबलची पहिलीच एलपी. तिची एक अख्खी बाजू म्हणजे तीन भागांची एकच रचना. मग माणसं बदलली. गिटारवर क्लेम क्लेम्पसन, बेसवर मार्क क्लार्क, आणि गायला क्रिस फार्लो. ऑर्गन आणि व्हायब्राफोन पहिल्यापासून डेव्ह ग्रीनस्लेडकडेच. फार्लो तेव्हा नावाजलेला गायक; १९६६ मध्ये त्याचं 'आउट ऑफ टाइम' इंग्लंडात पहिल्या नंबरावर गेलं होतं, रोलिंग स्टोन्सच्या मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्सनं लिहिलेलं. ही सहा माणसं जमेस्तोवर बँड बंद पडायची वेळ आली. १९७१ मध्ये खेळ खलास. जो तो आपापल्या वाटेनं गेला.

आणि मग १९९४ मध्ये ही सहाच्या सहा माणसं परत एकत्र आली. २८ ऑक्टोबर १९९४ ला कोलोन शहरातल्या ई-वेर्क नावाच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. ई-वेर्क म्हणजे पूर्वीचं वीजघर, नंतर त्याचं नाचगाण्यांचं ठिकाण केलं. चित्रीकरण केलं ते डब्ल्यूडीआर ह्या तिथल्या सार्वजनिक वाहिनीच्या 'रॉकपलास्ट' कार्यक्रमानं. ही मंडळी सत्तरच्या दशकापासून ह्या कामात मुरलेली. एस्सेनमधल्या त्यांच्या रात्रभराच्या मैफली एकाच वेळी युरोपभर दाखवल्या जायच्या. त्यामुळे कॅमेरा हातात धरणाऱ्याला संगीत कळत होतं. सोलो वाजवणाऱ्याच्या चेहऱ्यावरून त्याच्या बोटांवर कधी जायचं, हे माहीत असणं ही साधी गोष्ट नाही. आपल्या वाहिन्यांवर सतारीची द्रुत गत सुरू झाली की कॅमेरा हमखास पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या शालीवर जातो.

एवढं सगळं आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. नावं कॅसेटच्या कव्हरवर बॉलपेननं लिहिलेली होती, तीही जर्मन अक्षरवळणात. आम्हाला माहीत होता तो ड्रम सोलो. कार्यक्रमात त्याला स्वतंत्र नाव आहे, 'सोलो कोलोनिया', कारण कोलोनचं रोमन नाव कोलोनिया. हाइजमन तेव्हा पन्नाशीचा. समोर मोठा सेट, पायाखाली दोन बेस ड्रम, आणि बाकीची पाच माणसं स्टेजवरून गायब. मी आणि बेसवाला तो सोलो एवढ्या वेळा मागे घेऊन बघितला की टेप झिजून त्या भागात पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा बर्फ पडायला लागला. मी उशांवर काठ्या घेऊन बसायचो. आई आतून ओरडायची, "कापूस निघेल!" त्या वयात ऱ्हिदमवाल्यानं तेच बघायचं असतं. किती जोरात, किती झपझप आणि पाय वेगळं काय करतायत.

सोलो संपला की 'लॉस्ट अँजेलिस' सुरू व्हायचं, आणि ते रंगात आलेलं असताना खट् करून टेप संपायची. कॉपी करताना कमी लांबीची कॅसेट वापरलेली, त्यात सुरुवातीच्या बातम्यांनी जागा खाल्लेली. हवामान खात्यामुळे आमचा कार्यक्रम अर्धवट राहिला, असं बेसवाला म्हणायचा. पुढे काय आहे ते कळायला काही मार्ग नव्हता. हळूहळू आमच्या लेखी तो कार्यक्रम तिथंच संपत होता.

मग ऑर्केस्ट्रा थंडावला. डीजे आले, ट्रॅकवर गाणारे आले. हळदीत बँजो पार्टी टिकली, आमच्यासारख्या चौदा माणसांच्या ताफ्याला कोण पोसणार? काका गेले. व्हीसीआर भंगारात गेला. कॅसेट पोटमाळ्यावर.

यंदा आमची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली. नौपाड्यात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. आमच्या गल्लीत सध्या हिरव्या जाळ्या नसलेली बिल्डिंग शोधावी लागते. करारावर सह्या झाल्या, भाड्याचे चेक आले आणि पोटमाळा रिकामा करणं आलं. तांब्याचा बंब, आजोबांची छत्री, सातवीची पुस्तकं, आणि खोकाभर कॅसेट. हॅम्बुर्गवाली लगेच ओळखली. पुढची झडप बोटानं वर करून पाहिली. टेपच्या कडेनं पांढरी बुरशी धरली होती, रिळाच्या खिडकीतूनसुद्धा दिसत होती. ठाण्याच्या पावसात चुंबकीय टेपचं हेच होतं. पूर्वी स्टेशनकडच्या दुकानांत कॅसेट उघडून, स्पिरिटनं पुसून द्यायचे. आता विचारलं तर पोरगं मोबाइलचं कव्हर दाखवतं.

मी कॅसेट हातात धरून बसलेला बघून मुलीनं विचारलं काय आहे. सांगितलं. तिनं टीव्हीच्या रिमोटवर नाव बोलून दाखवलं, म्हणजे टीव्हीला सांगितलं, आणि अर्ध्या मिनिटात ई-वेर्कचं स्टेज समोर. स्वच्छ, बर्फाशिवाय. जर्मन बातम्या नाहीत. ती दहा मिनिटं बसली, "हा दोन-दोन का वाजवतोय?" म्हणाली आणि उठून गेली. मी बॉक्सांच्या मधे सतरंजीवर बसून पूर्ण बघितला. दुसऱ्या दिवशी परत. घरातल्यांनी नाद सोडला.

आता खरं सांगायचं ते हे की मी सोलो अर्ध्यात पुढे पळवला.

वाईट नाही. हाइजमनचे हात अजूनही थक्क करतात. सगळ्या ड्रमना तो सुराच्या वाद्यासारखं वापरतो, म्हणजे सेटमधल्या वरच्या टॉम-ड्रमवर एक वाक्य बोलतो आणि तेच खालच्या टॉमवर बदलून म्हणतो, तबल्यातला पेशकार वाढवत न्यावा तसं. पण लांबलाय. त्यात प्रेक्षकांना पेटवायचा जो भाग असतो, तो सगळ्यांच्याच सोलोत सारखा असतो, उस्तादांच्या सतारीवरच्या जलद झाल्यातही. मला ह्या खेपेला बघायचं होतं ते सोलोच्या आधीचं आणि नंतरचं, जेव्हा हाइजमन दुसऱ्याच्या मागे वाजवत असतो.

'एलिजी' नावाचं एक धावतं गाणं आहे. त्यात सॅक्सोफोन वर वाजतोय तोवर हाइजमनच्या हाताकडे बघा. तो ठेका धरून बसलेला नाही. आपल्याकडचा चांगला तबलजी जसा गायकाच्या श्वासावर कान ठेवून असतो तसा हा सॅक्सोफोनवाल्याची ओळ कुठं संपणार ते आधी ओळखतो आणि ती पडायच्या आत खालून उचलून धरतो. ओळ अर्धवट सुटली तर रिकामी जागा भरतो, पुरी बसली तर गप्प. टेपवर हे मला कधी ऐकूच आलं नव्हतं. एक तर कॉपीच्या कॉपीत झांजेचा आवाज नुसता सूं व्हायचा. आणि ऐकू आलं असतं तरी मी काठ्यांचा वेग मोजत होतो.

'व्हॅलेंटाइन स्वीट'बद्दल माझं मत फार बरं नाही, आधीच सांगतो. व्हायब्राफोनचा भाग सुंदर आहे. ग्रीनस्लेड ऑर्गनवरून तिकडे जातो तेव्हा हॉलमधली हवा बदलते. पण तीन भाग जोडायचे म्हणून जोडलेत असं मला अधूनमधून वाटतं. त्या काळच्या सगळ्यांना शास्त्रीय काहीतरी मोठं करून दाखवायची हौस होती. ज्यांना आवडतं त्यांनी मला माफ करू नये, भांडावं.

आणि मग 'लॉस्ट अँजेलिस'. जिथं आमची टेप खट् व्हायची ती जागा आली आणि गेली. गिटार पुढे चालूच राहिली. क्लेम्पसन गिटार घेऊन जातोच आहे, फार्लो त्याच्याशी आवाजानं झटतोय. मी हसलो. एवढ्या वर्षांत मला वाटत होतं की हे गाणं अजून मिनिटभर चालत असेल, फार तर दोन. ते चांगलं लांब आहे. आणि त्यानंतर, आम्हाला ठाऊकच नसलेलं एक आख्खं गाणं.

'स्टॉर्मी मंडे'. हे मूळ अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवाल्या टी-बोन वॉकरचं, १९४७ सालचं. गाण्यात आठवड्याचे वार येतात. सोमवार वादळी, मंगळवार तसाच वाईट, शुक्रवारी पगार होतो, शनिवारी मजा करायची आणि रविवारी देवासमोर गुडघे टेकायचे. ठाण्याहून सोमवारी सकाळची फास्ट लोकल पकडणाऱ्या कुणालाही ह्यात समजावून सांगण्यासारखं काही नाही.

रचना अगदी साधी. बारा बारचं आवर्तन, प्रत्येक बारमध्ये चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांनी समेवर परत. पहिले चार बार षड्जावरच्या कॉर्डवर, मग दोन मध्यमावर, दोन परत षड्जावर, मग एक पंचमावर, एक मध्यमावर आणि शेवटचे दोन घरी. हा सांगाडा. वादक त्यात वाटेत आणखी कॉर्ड घालतात, पण समेवर यायचं ते तिथंच. लय संथ, आणि प्रत्येक मात्रेच्या पोटात तीन ठोके, त्यामुळे चाल झुलती. आमच्या ऑर्केस्ट्रातल्या कुठल्याही माणसाला हे दहा मिनिटांत शिकवता आलं असतं. वाजवता आलं असतं का, हा वेगळा प्रश्न. कारण ब्लूजमधला गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठं तरी राहतो. पेटीवर तो सापडत नाही, तिथं एक पट्टी किंवा दुसरी. गिटारवाला तार ओढून तिथं जातो, गायक गळ्यानं जातो. काका सॅक्सोफोनवर ओठ सैल करून तिथं पोचायचे आणि निवेदक त्यांना म्हणायचा, "काका, सूर उतरतोय." बिचारे.

फार्लो बाकीच्या कार्यक्रमात मला जरा जास्त वाटतो. आवाज जबरदस्त, खरखरीत, पण मिळेल तिथं पिळून घेतो. ह्या गाण्यात तो ओळ म्हणतो आणि सोडतो. ब्लूजची पद्धतच ती: दोन बार गायकाचे, दोन बार उत्तराचे. उत्तर देते क्लेम्पसनची गिटार. आणि ह्या सवाल-जवाबाच्या खाली हाइजमन आहे.

त्याच्याकडे बघत राहिलो. ज्या माणसानं थोड्या वेळापूर्वी एकट्यानं अख्खा हॉल डोक्यावर घेतला होता, तो आता झांजेवर काठीचं टोक ठेवून तीन-तीनचे ठोके देतोय. डावा हात स्नेअर ह्या समोरच्या ड्रमवर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला. बाकी फार काही नाही. गिटार चढत जाते तसा तो आवाज वाढवतो, पण लय एका केसानं पुढे सरकत नाही. ही सगळ्यांत अवघड गोष्ट आहे, ऱ्हिदमवाल्यांना विचारा. जोर वाढला की वेग वाढतो. हाताला तशी खोडच असते. हळदीत गाणं सुरू होतं एका लयीत आणि संपेपर्यंत नवरदेवाचे मामा धापा टाकत असतात, तो दोष मामांचा नसतो. संथ लयीत दोन मात्रांमधलं अंतर मोठं, त्यात हात आखडून बसणं म्हणजे शिक्षा. पॅडवर असताना मला रिकामी जागा दिसली की भरावीशी वाटायची. कट मार, तोडा मार, काहीतरी घाल. इथं हाइजमन ती जागा तशीच राहू देतो आणि त्या रिकाम्या जागेत गिटारचा सूर विझत जाताना ऐकू येतो. तो सूर ऐकवायचं काम खरं तर ड्रमर करतोय. मी रिमोट घेऊन ती दोन आवर्तनं चार-पाचदा फिरवली. बर्फ पडायची भीती आता नाही.

आणखी एक. ही माणसं तेवीस वर्षांनी एकत्र वाजवतायत, आणि कुणीही तरुण दिसायचा प्रयत्न करत नाही. हेक्स्टॉल-स्मिथ साठीचा, फार्लो आणि ग्रीनस्लेड पन्नाशी ओलांडलेले. धाकटे म्हणावेत असे दोघं, गिटारवाला आणि बेसवाला, तेही चाळिशी पार. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हे सगळे म्हातारे वाटले होते. आता हाइजमन माझ्याच वयाचा वाटतो. तसा तो आहेच.

पुढे काय झालं ते शोधून वाचलं. हा एकदाचा मेळावा म्हणून थांबला नाही, बँड वीसेक वर्षं चालू राहिला. २००४ मध्ये हेक्स्टॉल-स्मिथ गेला. त्याच्या जागी सॅक्सोफोनवर आली बार्बरा थॉम्प्सन, हाइजमनची बायको, स्वतः मोठी वादक आणि संगीतकार. तिला १९९७ मध्ये पार्किन्सन्सचं निदान झालं होतं, तरी ती वाजवत होती. शेवटचा कार्यक्रम फेब्रुवारी २०१५ मध्ये लंडनला. हाइजमन जून २०१८ मध्ये गेला, बार्बरा २०२२ मध्ये. फार्लो, क्लेम्पसन आणि क्लार्क ह्या तिघांनी नंतर नवी माणसं घेऊन परत बँड उभा केला. फार्लोनं तोवर ऐंशी गाठलेली. इथं बँकेत अठ्ठावन्नला लोक गुडघ्यांची सर्टिफिकेटं गोळा करायला लागतात.

बेसवाल्याला फोन केला. तो आता ऐरोलीला असतो, बोट सोडली, पण बेस नाही सोडला. बँजो पार्टीत वाजवतो. त्याला म्हटलं, "अरे, ती हॅम्बुर्गची टेप आठवते? पुढे अजून एक गाणं आहे." पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग म्हणाला, "खोटं बोलू नको." लिंक पाठवली. रात्री साडेबाराला त्याचा फोन. बायको झोपलीय म्हणून गॅलरीतून बोलत होता.

"बघितलं?"

"बघितलं. चांगलंय. पण सोलो तो सोलो."

"सोलो मी पळवला."

"काय केलंस?"

इथून पुढे आमचं जे भांडण सुरू झालंय ते अजून चालू आहे. त्याचं म्हणणं, 'स्टॉर्मी मंडे'त ड्रमर काही करतच नाही, बेस सगळं ओढतोय. म्हणजे श्रेय क्लार्कला. मी म्हटलं, तू बेसवाला आहेस, तुला तेच दिसणार. तो म्हणाला, आणि तू वाजवायचं सोडलंस म्हणून तुला न वाजवणारा ड्रमर आवडायला लागला. हे मात्र लागलं. मी त्याला गिटार सोलोची नेमकी मिनिटं लिहून पाठवली, हेडफोन लावून ऐक म्हटलं. त्यानं उलट सोलोची मिनिटं लिहून पाठवली. सोबत काठ्यांचं चित्र.

परवा सकाळी परत फोन. मला वाटलं, पुढचा मुद्दा सापडला असेल. तर म्हणे, "पुढच्या महिन्यात घणसोलीला हळद आहे. तुंब्यावरचा पोरगा गावाला चाललाय. येतोस का? दाखव तुझं कमी वाजवणं."

तुंबा मी कधीच विकलाय, तर तो देतो म्हणाला. कातडं बदलून घेतलंय. मी दोन अटी घातल्या. एक, साउंडवाल्यानं तुंब्याला एको द्यायचा नाही. दोन, एक तरी गाणं संथ लयीतलं घ्यायचं आणि शेवटपर्यंत संथच ठेवायचं.

पहिली अट त्यानं लगेच मान्य केली. दुसरीवर म्हणाला, "दहाला स्पीकर बंद करायचा असतो. हळदीत संथ वाजवलंस तर पोरं तुला उचलून खाडीत टाकतील." मग जरा थांबून, "फार तर जेवणाच्या वेळी. तेव्हा कोण ऐकतंय."